बुधवारचं पान

१९८६ सालच्या आंब्याच्या हंगामात, एका मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास, मुंबईहून रत्नागिरीकडे येणारा एक ट्रक संगमेश्वरच्या अलीकडे रस्ता सोडून डावीकडे उतरला. रस्ता सरळ होता. उतार नव्हता. समोरून गाडी येत नव्हती. कडेला खड्डे बुजवणारा सखाराम नावाचा मैलकुली जागीच गेला. ड्रायव्हर दत्ताराम याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. एवढं पेपरात आलं. ते मीच लिहिलं होतं.

पेपरात जे आलं नाही ते मी अगदी अलीकडेपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, संपादकाला नाही, ज्यांच्याबरोबर चाळीस वर्षं चहा प्यालो त्या मित्रांनाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे. का? — ते सांगणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. मला समजून घ्या असं सांगायला मी बसलेलो नाही. यातल्या एका गोष्टीची मला लाज वाटत नाही आणि दुसरीची वाटते. तुम्ही बहुधा पहिलीवरूनच मला झोडाल. झोडा.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका दैनिकाचा रत्नागिरीतला वार्ताहर. त्याआधी पाच वर्षं त्याच दैनिकाच्या मुंबई कचेरीत उपसंपादकांच्या टेबलावर काढली होती. तिथे मला एवढंच शिकवलं — नाव, गाव, वेळ, आणि कोणी सांगितलं. मत नको. विशेषण तर नकोच. वाक्य छापण्याआधी स्वतःला विचारायचं, हे तुला कसं कळलं? मी चांगला विद्यार्थी होतो. निवृत्तीच्या समारंभात एकजण म्हणाला, यांच्या बातमीवर कधी खुलासा छापावा लागला नाही. खरं आहे ते. टाळ्या वाजल्या. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना तो विनय वाटला.

रत्नागिरीतून बातमी पाठवणं तेव्हा सोपं नव्हतं. मुंबईचा फोन लागेल तेव्हा लागायचा. तारेत चार ओळी जायच्या. मोठा मजकूर आणि फोटो एसटीच्या पार्सलने पाठवायचे, ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कचेरीत पोचायचे. पण आंब्याचे ट्रक संध्याकाळी निघत आणि उजाडायच्या आत मुंबईच्या फळबाजारात लागत. तिथून आमची कचेरी पायी दहा मिनिटांवर होती. पाकीट ट्रकने गेलं की माझी बातमी एक दिवस आधी छापून यायची. जिल्ह्यातल्या बाकीच्या वार्ताहरांना हे कोडं होतं. उत्तर होतं दत्ताराम. माल उतरवून झाला की तो पाकीट घेऊन चालत जायचा आणि आमच्या पहारेकऱ्याच्या हातात द्यायचा. एकदाही चुकलं नाही. तीन हंगाम.

बदल्यात मी त्याची वही लिहायचो.

ही वही काय, ते सांगायला हवं. ट्रकवाल्यांसाठी कायदा होता — दिवसाला आठ तास काम, मध्ये विश्रांती, लांबच्या मार्गावर थोडी सवलत. ड्रायव्हरने किती तास गाडी चालवली आणि किती तास झोप घेतली याची नोंद मालकाने ठेवायची. दत्ताराम ज्या शेठकडे होता त्यांनी प्रत्येक गाडीत एक शंभर पानी वही ठेवली होती. एका पानावर एक दिवस, मागची बाजू कोरी. गाडी कधी सुटली, कुठे थांबली, ड्रायव्हर कुठे झोपला, किती ते किती. खाली ड्रायव्हरची सही. तपासणीला निरीक्षक आले की त्यांच्यासमोर वह्या मांडायच्या.

हापूसला हा कायदा माहीत नव्हता. पेटी आज भरली की उद्या पहाटे बाजारात हवी. म्हणून संध्याकाळी रत्नागिरी सोडायची, रात्रभर चालवायची, पहाटे माल उतरवायचा, सातला परत फिरायचं, संध्याकाळी पुन्हा पेट्या चढवायच्या. हंगामाच्या भरात हे आठ-आठ, दहा-दहा दिवस अखंड चाले. वहीत मात्र एक फेरी दोन दिवसांची असायची, मध्ये मुंबईला रात्रभर झोप. जास्तीच्या फेऱ्या शेठ दुसऱ्या ड्रायव्हरांच्या नावावर दाखवत. त्यातले काही ड्रायव्हर होते. काही नव्हते.

माझ्याआधी या वह्या शेठचा कारकून लिहायचा. सोमवारी बसून सगळ्या गाड्यांचा आठवडा एका पेनाने लिहून काढायचा — सकाळी आठ, दुपारी बारा, रात्री दहा. एका तपासणीत ते पकडलं गेलं. पकडलं गेलं म्हणजे काय, निरीक्षक हसले आणि म्हणाले, जरा नीट लिहीत जा. तेव्हा दत्तारामने मला विचारलं. त्याला सही करता यायची, त्यापुढचं लिहिणं जमत नसे. मी हो म्हटलं.

आणि मी ते उत्तम केलं. खऱ्या गोष्टीला मिनिटं असतात, हे मला टेबलावर शिकवलं होतं. माझा दत्ताराम आठला निघत नसे. तो सात वाजून चाळीस मिनिटांनी निघे. कधी महाडला पाऊण तास जेवे, कधी पंक्चरमुळे पंचवीस मिनिटं अडके. दोन पेनं वापरायचो, एक निळं, एक काळं. एखादी खाडाखोड मुद्दाम ठेवायचो. पुढच्या तपासणीत निरीक्षकांनी ती वही वर धरली आणि बाकीच्या ड्रायव्हरांना सांगितलं, वही अशी पाहिजे. शेठनी मला कोकम सरबत पाजलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं — हेही लिहून ठेवतो.

वही लिहायचो ती पेट्या चढत असताना, शेठच्या आवारात, संध्याकाळी. दत्ताराम सावलीत बसून मला छळायचा.

"पत्रकार, आज मना कुठं निजवताव?"

"संगमेश्वरला टाकू?"

"नको. माझं घर तिथनं दोन मैल. बायको विचारील, घरी का नाय आलाव. पनवेलला निजवा. बाजलं बगून द्या जरा."

बाकीचे ड्रायव्हर हसायचे. एक म्हणायचा, दत्ता वहीत झोपतो म्हणून इतका ताजातवाना दिसतो. दत्ताराम म्हणायचा, "मंग? पत्रकारांची झोप हाय ती. येकदम कायद्याची."

आता ऐका. वही खोटी लिहिली याची मला लाज वाटत नाही. आज नाही, तेव्हाही नव्हती. ती वही ज्यांनी मागितली त्यांना ती खोटी आहे हे माहीत होतं. ज्यांनी ठेवली त्यांनाही. ज्याने त्या वहीखाली सही केली त्याने खरं लिहा म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसला असता आणि त्याची वही मीच लिहिली असती. परवा एका ट्रान्सपोर्ट कंपनीतला तरुण मॅनेजर मला कौतुकाने सांगत होता, काका, आता ट्रकमध्ये यंत्र असतं, गाडी कधी थांबली, किती वेळ थांबली, सगळं आपोआप नोंदलं जातं, खोटं लिहिताच येत नाही. मी त्याला विचारलं, माल सकाळी सहाला पोचलाच पाहिजे असं तुम्ही फोनवर सांगता, ते त्या यंत्रात नोंदलं जातं का? तो हसला. विषय बदलला. ड्रायव्हर किती वाजता झोपला हे सगळ्यांना हवं असतं — त्याला कोणी जागं ठेवलं याचा रकाना आमच्या वहीत नव्हता आणि त्याच्या यंत्रातही नाही. तेव्हा मला खोट्या वहीबद्दल कुणी काही शिकवू नये.

मग लाज कशाची? — येतो तिथे. मी मुद्दाम वळसे घेतो आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या हंगामात एका रविवारी मला आंजर्ल्याला जायचं होतं. तिथे होड्यांवरून काही वाद पेटला होता, तीन दिवस तरी लागतील असं वाटत होतं. म्हणून रविवारी संध्याकाळी निघण्याआधीच मी दत्तारामची वही पुढे लिहून ठेवली. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन पानं. याआधी मी असं कधी केलं नव्हतं. तिन्हींवर दत्तारामने लगेच सह्या केल्या. त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "पत्रकार, चार फेऱ्या लागोपाठ झाल्या. शेठना जरा बोला ना तुमी. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, बोलतो. शेठ दहा पावलांवर उभे होते. त्यांच्याशी मी पावसाळ्याआधी पेट्या संपतील का यावर बोललो. दत्तारामबद्दल बोललो नाही. आंजर्ल्याचं काम लवकर आटपून मला त्यांच्याच ओळखीने दापोलीत एका माणसाला भेटायचं होतं.

मंगळवारी सकाळी माझं काम संपलं. दापोलीहून निघालो, खेडला गाडी बदलली. संगमेश्वरच्या अलीकडे आमची एसटी थांबली. पुढे गाड्यांची रांग होती. मी उतरून चालत गेलो, वार्ताहर म्हणून. ट्रक ओळखायला मला पन्नास पावलं लागली.

सखारामला झाडाखाली ठेवून वर कुणीतरी चादर टाकली होती. दत्तारामला जीपमध्ये घालून नुकतंच पुढे पाठवलं होतं. परतीच्या मालातली खताची दोन पोती फुटून रस्त्यावर पसरली होती. तिथे एकच हवालदार होता, तो गाड्या सोडत होता. मला ओळखत होता. घाम पुसत म्हणाला, "बरं झालं आलात. जरा केबिनमधली कागदपत्रं काढून द्या ना साहेब, मला इथनं हलता येत नाही."

मी केबिनमध्ये चढलो. सीटच्या मागच्या पिशवीत गाडीची कागदपत्रं होती आणि वही होती. मी वही उघडली. सोमवार: सकाळी ७.४० रत्नागिरी सोडली, संध्याकाळी ६.२५ मुंबई, रात्री ९.५० ते सकाळी ६.३५ झोप. मंगळवार: सकाळी ७.१५ मुंबई सोडली, संध्याकाळी ६.१० रत्नागिरी. मी घड्याळ पाहिलं. दुपारचे तीन वाजत आले होते. आणि बुधवार — बुधवारी हा माणूस सकाळी पुन्हा निघाला होता आणि रात्री पनवेलला झोपला होता. ९.४० ते ६.०५. माझ्या अक्षरात. खाली त्याची सही.

अजून न आलेल्या रात्रीची झोप त्या वहीत लिहिलेली होती. ते एक पान हवालदाराच्या वरिष्ठांच्या टेबलावर गेलं असतं तर पुढे काय झालं असतं, हे कळायला वकील लागत नाही. वही खोटी ठरली असती. सोमवारची झोप खोटी ठरली असती. मग कोणीतरी विचारलं असतं, हा माणूस खरोखर कधी झोपला होता? आणि मग शेठना उत्तर द्यावं लागलं असतं.

आणि मग विचारलं गेलं असतं, हे अक्षर कुणाचं?

मी मंगळवारचं आणि बुधवारचं पान फाडलं. त्यांच्या जोडीची, शिलाईपलीकडची दोन कोरी पानंही काढली, म्हणजे वही सैल दिसणार नाही. चारी कागद शबनम पिशवीत टाकले. वही आणि गाडीची कागदपत्रं हवालदाराच्या हातात दिली. तो म्हणाला, उपकार झाले. सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील — नक्की सांगता येत नाही. तेवढीच एक वेळ मी नोंदलेली नाही.

घाबरलो होतो का? नाही. मी हे अनेकदा तपासून पाहिलं आहे. दैनिकात मला कायम करण्याचं पत्र त्या महिन्यात यायचं होतं, ते मला आठवलं होतं. बस. इतकं साधं होतं ते. कुणाच्या धाकाने केलं, घाईत केलं, कळलं नाही — यातलं काहीही मी म्हणणार नाही.

त्या दिवशीची माझी बातमी दहा ओळींची आहे. कात्रण समोर आहे. सातवी ओळ अशी: "ट्रकमधील नोंदवहीनुसार चालकाने आदल्या रात्री पावणेनऊ तास विश्रांती घेतली होती." वाक्यात आधार दिला आहे. मत नाही. विशेषण नाही. हे तुला कसं कळलं? — वहीवरून. वही कोणी लिहिली? — हा प्रश्न टेबलावर कुणी विचारला नाही, कारण कायद्याने ठेवलेली नोंद म्हटली की तिथे थांबायचं असतं. मी स्वतः रचलेलं खोटं मी स्वतःच आधार म्हणून छापलं. पत्रकारितेत इतकी वर्षं काढली, असं करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

तिसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. दत्तारामचा खांदा बांधलेला होता. त्याने आधी सखारामबद्दल विचारलं. मी सांगितलं. मग डावा हात टेकून जरासा उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहीत बुधवारचं पान हाय ना? ता पोलिसांना दाकवा. मी मंगळवारी पडलो, मंग बुधवारी पनवेलला निजलो कसा? येवढं इचारलं त्यांनी तर सगळा समाजल."

त्याने विचार करून ठेवला होता. तीन दिवस तो त्या एका पानाच्या आशेवर पडून होता.

मी म्हटलं, "बघतो."

चारी कागद तेव्हा माझ्या खोलीत होते, कपाटाखालच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात. दवाखान्यातून चालत वीस मिनिटं. पोलीस ठाणं वाटेतच लागायचं.

खटला त्या हिवाळ्यात तालुक्याच्या कोर्टात चालला. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो; तिथे मी एकटाच होतो. शेठ साक्षीला आले. पांढरा सदरा, टोपी. ते म्हणाले, आमच्याकडे कायद्याप्रमाणे नोंद होते, ही वही पाहा, निरीक्षकांनीही तिची तारीफ केली आहे. दत्तारामने सांगितलं की त्याने पाच फेऱ्या लागोपाठ केल्या, सोमवारच्या रात्री तो झोपलाच नव्हता, गाडी चालवत होता. चेकनाक्यांवर गाडी किती वाजता गेली याच्या पावत्या मागवल्या असत्या तर ते सिद्ध झालं असतं. कोणी मागवल्या नाहीत. त्या कुठे मिळतात हे मला माहीत होतं.

कोर्टाने वही समोर धरली. विचारलं, ही सही तुमची आहे ना?

"सही माजी हाय सायेब. लिवलंय मी नाय."

"मग कोणी लिहिलं?"

दत्तारामने बाकाकडे पाहिलं. पूर्ण मान वळवून, सावकाश. मी पेन हातात धरून होतो. माझी नजर वर होती — मी खाली पाहिलं असं कुणाला वाटू नये. तो माझ्याकडे किती वेळ पाहत होता? मला खूप वाटला. कोर्टाच्या कारकुनाच्या नोंदीत तेवढ्या जागेत काहीच नाही.

मग तो पुन्हा समोर वळला आणि म्हणाला, "ज्यानं लिवलं त्याला म्हायत."

त्याने माझं नाव का घेतलं नाही? लोक म्हणतील मोठ्या मनाचा. मला ते पटत नाही. मला वाटतं तो मला वेळ देत होता. उभं राहायला. कोर्टात माणसाला उभं राहायला किती वेळ लागतो?

मी लिहिलं: "नोंदवही कोणी लिहिली हे सांगण्यास आरोपीने नकार दिला."

निकालात म्हटलं होतं की आरोपीने पुरेशी झोप घेतल्याचं त्याच्याच सहीच्या नोंदीवरून दिसतं, त्यामुळे मालकाने झोपू दिलं नाही हा बचाव खोटा आहे. सरळ रस्त्यावर, भर दिवसा झालेला अपघात हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. सहा महिने सक्तमजुरी. लायसन्स रद्द. ती बातमी मी चार ओळींत दिली. मला कायम केल्याचं पत्र त्याच्या आधीच आलं होतं.

यानंतर मी कुणाची वही लिहिली नाही. त्यात काही मोठेपणा नाही. पाकीट न्यायला दुसरा ड्रायव्हर मिळाला, त्याला लिहिता येत होतं.

दत्ताराम मला त्यानंतर एकदाच भेटला. १९८८च्या सुमारास, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर. तो तेव्हा पूर्णगडला बहिणीकडे राहून होडीवरची मासळी उतरवायला जायचा. आतल्या गावातल्या शेतीवाल्या घरातला माणूस, त्याला समुद्राची सवय नव्हती. हातांना बर्फाने चिरा पडल्या होत्या. मला टाळता आलं असतं, पण तोच समोर आला. मी विचारलं, कसा आहेस दत्ता?

"बरा हाय," तो म्हणाला. "आता रोज निजतो."

चेष्टा होती का? त्याचा चेहरा हसत नव्हता. पूर्णगडची गाडी लागली आणि तो गेला.

मी चांगलं काम करत राहिलो. धरणग्रस्तांवर लिहिलं, मच्छीमारांवर लिहिलं. शेठसारख्या चार-पाच लोकांना माझ्या बातम्यांमुळे त्रास झाला. या कामाने ते फिटलं असं तुम्ही म्हणाल तर मी तुमच्याशी भांडेन. ते काम वेगळं, हे वेगळं. आणि ज्या मंडळींना वाटतं की असलं काही पोटात ठेवून माणूस झिजतो, त्यांच्यासाठी सांगतो — मी झिजलो नाही. मला चांगली झोप लागते. भूक लागते. इतकी वर्षं लागली.

गेल्या कार्तिकात मी सखारामच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. अपघातानंतर त्याच्या बायकोची प्रतिक्रिया मी हवालदाराकडून घेऊन छापली होती. ती आता बरीच म्हातारी आहे, पण बोलणं स्पष्ट आहे. मी पेपरवाला, म्हटल्यावर म्हणाली, "तुमी आता आलाव? डायवर तवाच आला व्हता." सुटला त्याच दिवशी, आपल्या घरी जायच्या आधी, दत्ताराम तिच्या अंगणात येऊन बसला होता. अर्धा तास. तिच्या दिराने त्याला हाकलायला काठी उचलली, तरी उठला नाही. काय म्हणाला? तर म्हणाला, मला झोप लागली. एवढंच. वहीचं काही बोलला नाही, शेठचं नाही, माझं नाही. दिराला मी नंतर वेगळं विचारलं. त्यानेही हेच सांगितलं, म्हणून लिहितो.

मी तिला फाडलेल्या पानांचं सांगितलं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "मंग आता मी काय करू त्याचं?" आणि थोड्या वेळाने, "त्याच्या घरी सांगितलंत काय?"

दत्ताराम पाच वर्षांपूर्वी वारला, हे मला त्याच्या गावात पोचल्यावर कळलं. त्याची बायको त्याच्याही आधी गेली. घरात मुलगी राहते, सुनंदा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. अपघात झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत तिला काय म्हणत असत ते तिने मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

मी तिला सगळं क्रमाने सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं. मी थांबल्यावर तिने आतून कोरे कागद आणले आणि म्हणाली, "पुन्हा सांगा. मी लिहून घेते." मी पुन्हा सांगितलं. ती लिहीत गेली. एका जागी मी म्हटलं, पानं काढून घेतली. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, "काढून घेतली की फाडली?"

मी म्हटलं, फाडली.

तिने तसं लिहिलं. शेवटी माझं पूर्ण नाव, वय आणि पत्ता विचारला. सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी सही केली. तिने ती प्रत आपल्याकडे ठेवून घेतली.